ख्रिस्तपुराणकार फादर स्टीफन्स

मार्गशीर्ष सरत आला की धाराशिव जिल्ह्यातील घराघरांस शाकंभरी नवरात्राचे वेध लागतात. तुळजापुरी जगदंबेची मंचकी निद्रा, त्यानंतरची घटस्थापना, पौष पौर्णिमेची सांगता, या साऱ्याची मनाशी उजळणी सुरू होते. थंडीच्या याच दिवसांत आपल्या ख्रिस्ती बांधवांचा नाताळ येतो. शेजाऱ्याच्या सणाला त्याच्या दारी जावे, त्याच्या आनंदात सहभागी व्हावे, ही आपली जुनी रीत आहे. त्या रीतीस अनुसरून आज आम्ही वाचकांपुढे अशा एका पुरुषाचे चरित्र ठेवीत आहोत, जो जन्माने इंग्रज, धर्माने ख्रिस्ती, व्रताने संन्यस्त आणि वाणीने मराठी होता. त्यांचे नाव फादर थॉमस स्टीफन्स. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात ख्रिस्तपुराणाचे कर्ते म्हणून ते अमर झाले आहेत.

आपल्या जिल्ह्याला या विषयाची एक ताजी आठवणही आहे. जानेवारी २०२० मध्ये १० ते १२ या तीन दिवसांत, त्या वेळच्या उस्मानाबादेत, त्र्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. संत गोरोबा काकांच्या या भूमीत भरलेल्या संमेलनाचे अध्यक्षपद वसईचे ख्रिस्ती धर्मगुरू फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी भूषविले. एक ख्रिस्ती धर्मगुरू मराठीच्या व्यासपीठाचा अध्यक्ष कसा, असा प्रश्न तेव्हा काहींच्या मनात आला. फादर दिब्रिटो २०२४ साली देवाघरी गेले. परंतु त्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्याही आधी चारशे वर्षे दुसऱ्या एका धर्मगुरूने लिहून ठेविले होते, आणि तेही ओवीत.

तेर आणि रोम

ख्रिस्ती धर्म इंग्रजांबरोबर या देशात आला असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुस्थिती तशी नाही. येशू ख्रिस्ताचा शिष्य संत थॉमस इसवी सन ५२ मध्ये केरळच्या किनाऱ्यावर उतरला, अशी तेथील ख्रिस्ती समाजाची परंपरागत श्रद्धा आहे. त्या काळी आपले तेर हे तगर या नावाने साऱ्या पश्चिमेस ठाऊक असलेले व्यापारी नगर होते. पेरिप्लस या ग्रीक प्रवासग्रंथात त्याचा उल्लेख आहे. तगरचे कापड गाड्यांवर लादून भरुकच्छ बंदरात, म्हणजे आजच्या भडोचला जाई, आणि तेथून जहाजांनी रोमन साम्राज्यात पोहोचे. तेरच्या उत्खननात मिळालेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती इटलीतील पाँपे येथे सापडलेल्या मूर्तीशी नाते सांगते. ज्या रोमन साम्राज्याच्या एका कोपऱ्यात, बेथलेहेम गावी, ख्रिस्तजन्म झाला, त्याच साम्राज्याच्या बाजारात आमच्या बालाघाटातील कापड विकले जात होते.

पुढे दीड हजार वर्षांत पुष्कळ उलथापालथ झाली. छळ सोसणारा ख्रिस्ती धर्म रोमच्या सम्राटांचा धर्म झाला. १५१७ साली जर्मनीत मार्टिन ल्यूथर यांनी रोमच्या सत्तेविरुद्ध आवाज उठविला आणि पश्चिम युरोपातील चर्चमध्ये फूट पडली. कोठे जुन्या मताचे लोक नव्यांचा छळ करू लागले, तर कोठे नवे जुन्यांचा. १५४० मध्ये स्थापन झालेल्या येशूसंघाचे धर्मगुरू देशोदेशी निघाले. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला होता; १५४२ साली फ्रान्सिस झेवियर तेथे आले. या वादळी काळातच आपल्या चरित्रनायकाचा जन्म झाला.

मायभूमीचा त्याग

थॉमस स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात झाला. वडील व्यापारी होते. घरची स्थिती चांगली, मुलगा बुद्धिमान. त्याला उत्तम शिक्षण मिळाले. परंतु राणी एलिझाबेथच्या राज्यात रोमच्या पोपला मानणाऱ्या कॅथलिक लोकांवर कठोर निर्बंध होते. थॉमस पाउंड नावाच्या मित्रासह रोमला जाऊन येशूसंघात प्रवेश करावा, असा बेत स्टीफन्स यांनी आखला. निघण्यापूर्वीच पाउंड पकडले गेले आणि त्यांच्या आयुष्याची कित्येक वर्षे तुरुंगात गेली. स्टीफन्स एकटेच रोमला पोहोचले व १५७५ मध्ये त्यांनी संघाची दीक्षा घेतली. आपल्या श्रद्धेपायी देश सोडावा लागणे म्हणजे काय, हे या तरुणाने ऐन पंचविशीत अनुभवले होते. वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढील कथेत तिचे मोल कळेल.

४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बन बंदरातून पाच गलबते गोव्याकडे निघाली. त्यांपैकी एकावर स्टीफन्स होते. आफ्रिकेला वळसा घालून होणारा हा प्रवास साडेसहा महिन्यांहून अधिक चालला. ताजे अन्न नाही, पाणी नासलेले, हिरड्या सुजून माणसे अंथरुणास खिळलेली. दीडशेहून अधिक आजारी पडले आणि सत्तावीस जणांना समुद्रातच निरोप द्यावा लागला. २४ ऑक्टोबर १५७९ रोजी गलबत गोव्यास लागले. पुढच्याच महिन्यात वडिलांस लिहिलेल्या पत्रात त्यांनी या प्रवासाचे बारकाईने वर्णन केले. ते पत्र पुढे इंग्लंडमध्ये छापले गेले आणि आवडीने वाचले गेले. भारतात येऊन स्थायिक झालेले पहिले ज्ञात इंग्रज म्हणून इतिहास त्यांचे नाव घेतो. ईस्ट इंडिया कंपनीची स्थापना व्हावयास तेव्हा एकवीस वर्षे अवकाश होता. कंपनीचे लोक पुढे आले ते तराजू घेऊन. हा त्यांचा पूर्वसूरी हाती जपमाळ घेऊन आला होता, आणि आला तो परत न जाण्यासाठी.

साष्टीचे दुःख

स्टीफन्स यांचे कार्यक्षेत्र ठरले गोव्यातील साष्टी प्रांत. मडगाव, राशोल ही गावे याच प्रांतातील. येथे आम्हांस थोडे थांबले पाहिजे, कारण येथील हकीकत कटू आहे आणि ती टाळून हे चरित्र सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

स्टीफन्स येण्यापूर्वी बारा-तेरा वर्षे साष्टीतील देवालये पोर्तुगीज सत्तेने पाडून टाकिली होती. कुशस्थळीचा मंगेश १५६० मध्ये भक्तांनी नदीपलीकडे, आज मंगेशी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्थळी नेला. केळोशीची शांतादुर्गा कवळ्यास गेली, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास गेली. ज्यांची ही कुलदैवते आहेत त्या कुटुंबांत त्या प्रवासाच्या कथा आजही सांगितल्या जातात. १५६० सालीच गोव्यात धर्मन्यायासन स्थापन झाले. ते कायमचे बंद व्हावयास १८१२ साल उजाडावे लागले. जुन्या धर्माचे विधी, उत्सव आणि ग्रंथ यांवर बंदी आली.

या ग्रंथबंदीचा अर्थ आपल्या घरातील माणसाला सांगावयास नको. चातुर्मासात पोथी लावावी, सायंकाळी चार शेजारी जमावेत, एकाने वाचावे व बाकीच्यांनी ऐकावे, हे आपल्या जीवनाचे अंगच आहे. साष्टीतही तेच होते. केळोशीच्या कृष्णदास शामा यांनी १५२६ मध्ये मराठी ओवीत श्रीकृष्णचरित्रकथा रचावयास घेतली होती. असा तो पोथीचा प्रदेश. तेथे पोथी निषिद्ध झाली. देव पाडले की नदीपलीकडे नेऊन पुन्हा स्थापिता येतात. परंतु जी माणसे गावातच राहिली, बाटली, नव्या धर्मात आली, त्यांच्या कानांना लागलेली ओवीची गोडी कोठे नेऊन स्थापावी?

मनात दाटलेला संताप केव्हा तरी उफाळणारच होता. जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे क्रूस व चर्च यांसाठी जागा पाहावयास गेलेल्या पाच येशूसंघीयांना गावकऱ्यांनी ठार मारिले. त्यांत रुडॉल्फ आक्वाविवा हे, काही काळ अकबर बादशहाच्या दरबारी राहिलेले, विद्वान धर्मगुरू होते. पुढे पोर्तुगीजांनी कुंकळ्ळीच्या गावप्रमुखांस बोलणी करण्याच्या मिषाने असोळणे येथील किल्ल्यात बोलाविले आणि विश्वासघाताने त्यांची कत्तल केली. मारले गेलेले धर्मगुरू स्टीफन्स यांचे सहकारी होते; मारले गेलेले गावप्रमुख ते ज्या लोकांत राहत त्यांतले होते. दोन्हीकडची रडारड त्यांच्या कानी पडली असेल. आपले आराध्य वाचविण्यासाठी माणूस काय काय सोसतो, हे इंग्लंड सोडून आलेल्या या साधूस कळले नसेल असे आम्हांस वाटत नाही.

त्याच वर्षी राल्फ फिच व त्यांचे काही इंग्रज सोबती हेर असल्याच्या संशयावरून गोव्यात कैदेत पडले. ते व्यापारी होते. त्यांच्या सुटकेसाठी खटपट करणाऱ्यांत स्टीफन्स अग्रभागी होते.

भाषेचा ध्यास

साष्टीत स्टीफन्स यांनी जवळजवळ चाळीस वर्षे काढिली. मध्यंतरी थोडा काळ तेवढे ते वसईकडे होते. या अवधीत त्यांनी कोंकणी बोलीचा व मराठी ग्रंथभाषेचा कसून अभ्यास केला. १५८३ मध्ये आपल्या भावास लिहिलेल्या पत्रात, या देशातील भाषांची घडण ग्रीक व लॅटिन यांच्याशी जुळते, असे निरीक्षण त्यांनी नोंदविले. विल्यम जोन्स यांचा संस्कृत व युरोपीय भाषांच्या नात्याविषयीचा प्रसिद्ध सिद्धान्त १७८६ चा. त्याची चाहूल या मिशनऱ्यास दोन शतके आधी लागली होती. त्यांनी सिद्ध केलेले कोंकणीचे व्याकरण त्यांच्या पश्चात १६४० मध्ये राशोल येथे छापले गेले, तर त्यांची कोंकणी प्रश्नोत्तरी १६२२ मध्ये निघाली.

याच काळात इकडे आपल्या मराठवाड्यात काय चालले होते, ते पाहणे उद्बोधक आहे. पैठणास नाथमहाराज होते. त्यांनी १५७३ मध्ये भागवतावरील टीका पूर्ण केली आणि १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. शेजारच्या अंबाजोगाईस दासोपंत गीतेवर प्रचंड लेखन करीत होते. त्यांचा जन्म १५५१ चा व समाधी १६१५ ची. म्हणजे स्टीफन्स आणि दासोपंत हे जवळजवळ समवयस्क. एक बालाघाटावर, दुसरा समुद्रकाठी. एकाचे दैवत दत्त, दुसऱ्याचे ख्रिस्त. दोघांची एकमेकांस वार्ताही नसेल. परंतु दोघांच्या हाती ओवी तीच होती.

पुराणाचा जन्म

ख्रिस्तपुराण का रचिले याची हकीकत स्टीफन्स यांनी ग्रंथारंभीच गोवली आहे. नवा धर्म स्वीकारलेला एक ब्राह्मण धर्मगुरूस विनवितो की, आमची पूर्वीची पुराणे तर तुम्ही बंद केलीत. आता वेळ सार्थकी लागेल असे काही पुराण आमच्या भाषेत आम्हांस द्यावे. ही विनंती वाचताना आमचे मन हेलावते. त्या माणसाने देव बदलला होता. परंतु दिवेलागणीला पोथी ऐकण्याची भूक त्यास सोडवत नव्हती. ही भूक ओळखणे हेच स्टीफन्स यांचे मोठेपण. सत्तेने काढून घेतलेल्या पोथीची उणीव पोर्तुगीज भाषेतील उपदेशाने भरून येणार नाही, हे त्यांनी जाणले. त्यासाठी स्वतः पुराणिक व्हावे लागेल, हेही त्यांनी जाणले.

ग्रंथाचे दोन भाग आहेत. पहिल्या पुराणात जगाच्या उत्पत्तीपासून ख्रिस्तपूर्व काळापर्यंतची बायबलमधील कथा छत्तीस प्रसंगांत येते. दुसऱ्या पुराणात ख्रिस्ताचा जन्म, त्याचे कार्य, वधस्तंभावरील मरण व पुनरुत्थान ही कथा एकोणसाठ प्रसंगांत येते. या प्रसंगांस त्यांनी अवस्वर असे नाव दिले आहे. एकूण ओव्या १०,९६२. ज्ञानेश्वरी सुमारे नऊ हजार ओव्यांची आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या परभाषिकाच्या तपश्चर्येची कल्पना येईल.

ग्रंथाची मांडणी सर्वस्वी आपल्या पुराणांची आहे. आरंभी नमन, मग श्रोत्यांशी संवाद, मधूनमधून प्रश्न आणि त्यांचे निरसन. स्वर्गासाठी त्यांनी वैकुंठ हा शब्द योजिला, गुरू, मुक्ती, पुण्य हे शब्द सहज वापरिले. मराठीचे गुण गाताना त्यांनी मोगऱ्याचे फूल, कस्तुरीचा सुगंध, पक्ष्यांतला मोर, वृक्षांतला कल्पतरू अशा उपमांची माळ गुंफली. आजही शाळेतील मुले ते मराठीचे स्तवन आवडीने म्हणतात, आणि ते एका इंग्रजाने रचिले आहे हे कळले की चकित होतात.

हा ग्रंथ धर्मप्रसारासाठी लिहिला होता, हे लपविण्याचे कारण नाही. जुन्या दैवतांविषयी त्यात आदर सापडणार नाही, आणि भाविक वाचकांस काही ओव्या खटकतील. स्टीफन्स ज्या राजसत्तेच्या छायेत वावरले, तिनेच आमची देवालये पाडली, हेही खरे. परंतु जेथे सत्तेने हुकूम चालविला तेथे त्यांनी विनवणीला उत्तर दिले. आणि ते उत्तर देण्यासाठी ऐकणाऱ्याची भाषा, त्याचे छंद, त्याच्या उपमा विद्यार्थ्याच्या नम्रतेने शिकून घेतल्या. हा भेद लहान नाही.

सहाशे खिळे

ग्रंथ लिहून झाला तरी तो छापावा कसा? भारतातील पहिला छापखाना गोव्यातच १५५६ मध्ये सुरू झाला होता; परंतु तेथे रोमन लिपीचे खिळे होते. १६०८ साली स्टीफन्स यांनी रोममधील आपल्या वरिष्ठांस पत्र लिहिले की, या देशाच्या भाषेत आणि या देशाच्याच लिपीत ग्रंथ छापून निघावेत अशी माझी अनेक वर्षांची इच्छा आहे. मलबारकडे तमिळ लिपीत असे ग्रंथ निघालेही होते. अडचण मोठी होती. युरोपीय लिपीस चोवीस अक्षरांचे साचे पुरत, येथील काना-मात्रा-जोडाक्षरांसह जवळजवळ सहाशे साचे पाडावे लागणार होते. ती इच्छा अपुरीच राहिली. १६१६ मध्ये राशोल येथे ख्रिस्तपुराण छापून निघाले ते रोमन लिपीत. मराठी ओवीला परकी वस्त्रे नेसून जगासमोर यावे लागले. तीन वर्षांनी, १६१९ मध्ये, वयाच्या सत्तरीच्या सुमारास, फादर स्टीफन्स यांनी गोव्यातच देह ठेविला. मायभूमीचे दर्शन त्यांस पुन्हा घडले नाही.

ग्रंथाचा वनवास

त्यांच्या मागे १६४९ व १६५४ मध्ये ग्रंथाच्या आणखी आवृत्त्या निघाल्या. चर्चमध्ये आणि घरोघरी त्याचे वाचन होई. परंतु काळ फिरला. १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने लोकभाषेवरच घाव घातला. तीन वर्षांत सर्वांनी पोर्तुगीज भाषा शिकावी व तीच बोलावी, असे फर्मान निघाले. ज्या राजवटीने पूर्वी हिंदूंची पोथी हिरावली, तीच आता ख्रिस्ती झालेल्यांच्या तोंडची भाषा हिरावू लागली. पहिल्या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही.

असे असूनही ग्रंथ तरला, आणि तो तारला भाविकांनी. गोव्यातून मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी त्याची हस्तलिखिते देवघरातील वस्तूसारखी जपली. त्या हस्तलिखितांच्या आधारे १९०७ मध्ये सालढाणा यांनी मंगळूरहून ग्रंथ पुन्हा छापविला. विसाव्या शतकात लंडनमध्ये त्याची देवनागरीतील हस्तलिखित प्रतही उजेडात आली. १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी संपादिलेली देवनागरी आवृत्ती पुण्याच्या प्रसाद प्रकाशनाने काढली, आणि १६०८ मध्ये एका म्हाताऱ्या होत चाललेल्या साधूने बाळगलेली इच्छा साडेतीनशे वर्षांनी फळास आली. हिंदू संपादकाने ख्रिस्ती पुराणाला त्याची स्वतःची लिपी परत दिली, ही घटना आम्हांस फार मोलाची वाटते. ज्यांची पोथी एकदा हिरावली गेली, त्यांच्याच वारसांनी दुसऱ्याची पोथी सन्मानाने घरी आणून पोहोचविली.

गोरोबा काकांचे थापटणे

आपल्या तेर गावची एक कथा लहानथोरांस ठाऊक आहे. संतमंडळी गोरोबा काकांच्या घरी जमली असता मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून काकांनी हाती थापटणे घेतले आणि एकेकाच्या मस्तकावर मारून मडके पक्के की कच्चे, याची पारख केली. त्या पारखीत कोणाचे कूळ विचारले गेले नाही, आणि कोणाची थोरवी आड आली नाही. प्रत्यक्ष नामदेवरायांसही कच्चे ठरावे लागले.

आजच्या नाताळच्या दिवशी त्याच थापटण्याने आम्ही फादर स्टीफन्स यांची पारख करावी, असे आम्हांस वाटते. पाडलेल्या देवालयांचा विसर पडू देऊ नये. मंगेशी-कवळ्याच्या भक्तांनी सोसलेले दुःख हा आपल्या इतिहासाचा भाग आहे. परंतु जो पुरुष सातासमुद्रांपलीकडून आला, चाळीस वर्षे आमच्यात राहिला, आमच्या ओवीपुढे नम्र झाला आणि आमच्या भाषेची थोरवी आम्हांसच सांगून गेला, त्याच्या मस्तकावर थापटणे पडले तर आवाज पक्क्या मडक्याचाच येईल. गोरोबा काकांच्या गावाजवळच्या व्यासपीठावर २०२० मध्ये एक ख्रिस्ती धर्मगुरू अध्यक्ष म्हणून उभे राहिले, तेव्हा त्यांच्या पाठीशी हा चारशे वर्षांपूर्वीचा पुराणिक उभा होता.

आज सायंकाळी देवापाशी दिवा लावताना, ज्यांच्या घरची पोथी कधी काळी हिरावली गेली त्या सर्वांचे, ते कोणत्याही धर्माचे असोत, आपण स्मरण करावे. आणि आपल्या घरची पोथी अखंड चालू राहिली याबद्दल जगदंबेचे आभार मानावेत. आमच्या सर्व ख्रिस्ती वाचकांस नाताळच्या हार्दिक शुभेच्छा.